नखे काय सांगतात?

जुम्याच्या दिवशी गुसलच्या आधी नखे कापायची, ही आपल्या घरांतली जुनी रीत. चाळीस दिवसांपलीकडे ती वाढू देऊ नयेत, अशी ताकीद हदीसमध्येही आहे. पुढच्या जुम्याला कापण्याआधी ती जरा उजेडात धरून पाहा.

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. त्याला कडकपणा येतो तो त्या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांमुळे. कॅल्शियम नखात फारच थोडे असते. त्यामुळे पांढरा ठिपका दिसला की कॅल्शियमच्या गोळ्या आणण्यात अर्थ नाही. तो बहुधा नखाच्या मुळाशी लागलेल्या किरकोळ माराचा असतो.

हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. म्हणजे आज कापलेला तुकडा काही महिन्यांपूर्वी मुळाशी तयार झालेला असतो. त्या वेळी शरीरात असलेल्या लोह, जस्त, सेलेनियम अशा द्रव्यांचा अंश त्यात राहतो. पायाच्या नखांतले सेलेनियम मोजून संशोधक माणसाच्या आहाराचा अंदाज घेतात, तो याच कारणाने.

लोहाची कमतरता लांबली की नखातले लोहही घटते. नख पातळ व ठिसूळ होते, मग सपाट आणि पुढे चमच्यासारखे खोलगट. त्यावर पाण्याचा थेंब ठरतो. पण नख उशिरा बोलते. थकवा, धाप, चक्कर यांनी आधीच वर्दी दिलेली असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून नखाची वाट न पाहता हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा.

आता दस्तरखानाविषयी. गोश्त घरात शिजते, पण अनेक घरांत बोट्या मर्दांच्या आणि मुलांच्या ताटात जातात. शेवटी बसणाऱ्या अम्मी आणि सुनेच्या वाट्याला उरतो शोरबा. लोह बोटीत असते, शोरब्यात फारसे नसते. तेव्हा बायकांची बोटी आधीच बाजूला काढून ठेवा. गोश्त नसेल त्या दिवशी डाळ-भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणावरचा चहा तासभर लांबवा. नवे नख पूर्ण यायला सहा महिने लागतात. तेवढा सब्र ठेवा, इन्शाअल्लाह फरक दिसेल.