पोरींच्या उचापतींत कथा असते



कॉलेजातल्या पोरींच्या चाळ्यांवर सिनेमा होत नसतो, हे गेल्या रविवारच्या पत्रातलं मत मुळीच पटलं नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांचा १९९९चा ‘बिनधास्त’ पत्रलेखक विसरले काय? शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ यांच्या उचापतींतूनच त्यातलं रहस्य उभं राहतं, पडद्यावर जवळपास सगळ्या बायकाच! प्रियदर्शन यांनी तो पुढे तमिळमध्ये केला. व्हिट स्टिलमनच्या ‘डॅम्सेल्स इन डिस्ट्रेस’मध्ये (२०११) तर नायिका खचलेल्या विद्यार्थ्यांना टॅप डान्स करायला लावते. आमच्या हुडकेश्वर रोडवर तर्री-पोह्याच्या ठेल्याशी पोरी सरांच्या हुबेहूब नकला करतात, ठेलेवाला कढई सोडून हसतो. निर्मात्यांनो, एकदा इकडे या, या पोरींवर सिनेमा काढा.

– एक वाचक, हुडकेश्वर, नागपूर