ग्वाल्हेरचा प्रवासी आणि मुरगावचा धक्का

क्रूझ पर्यटनाची गोव्यातील चर्चा बहुधा विदेशी जहाजांपुरती असते. पावसाळा सरला की हंगामातील पहिले जहाज मुरगाव बंदरात केव्हा लागणार, त्यातून किती पाहुणे उतरणार, त्यांना जुन्या गोव्याला कोण नेणार आणि टॅक्सीचालकांच्या पदरी काय पडणार, हे तिचे ठरलेले विषय आहेत. या चर्चेत एक प्रवासी सहसा दिसत नाही. त्याच्या गावाजवळ समुद्र नाही, घरात कोणी जहाजावर पाऊल ठेवलेले नाही आणि रजा मोजकी आहे. तो ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ अशा शहरांतून येतो. देशांतर्गत क्रूझच्या भवितव्याचा विचार करायचा तर या कुटुंबापासून सुरुवात करणे अधिक योग्य ठरेल.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने मुंबईहून गोव्याकडे फेऱ्या सुरू केल्या. रेल्वेच्या आयआरसीटीसीने तिच्याशी भागीदारी केल्यामुळे रेल्वेचे तिकीट काढणाऱ्या सामान्य ग्राहकासमोरही क्रूझची जाहिरात आली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत वर्षाला १० लाख सागरी क्रूझ प्रवासी हे त्याचे उद्दिष्ट आहे. पुढच्याच वर्षी, २० सप्टेंबर २०२५ रोजी, मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. एवढे प्रवासी एकट्या मुंबई-पुण्यातून मिळणार नाहीत. ते देशाच्या पोटातून यावे लागतील आणि ते येतील रेल्वेने.

ग्वाल्हेरचे उदाहरण घेण्यास आणखी एक कारण आहे. लष्कर भागातील जुन्या मराठी कुटुंबांचा कोकण-गोव्याशी देवदर्शनाचा आणि नातेसंबंधांचा धागा आजही टिकून आहे. शिंद्यांच्या दरबारातील आंग्रे हे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याच घराण्यातील. राजमाता विजयाराजे शिंदे यांचे सल्लागार सरदार संभाजीराव आंग्रे त्याच वंशातले. मराठ्यांच्या आरमारप्रमुखाचे वंशज समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर स्थायिक व्हावेत, हा इतिहासाचा एक गमतीदार खेळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आलेल्या जहाजालाही ‘आंग्रिया’ हेच नाव होते.

अशा कुटुंबाने क्रूझचा बेत आखला, तर खरी कसोटी समुद्रावर लागत नाही, ती रेल्वेमार्गावर लागते. पश्चिम किनाऱ्यावरील हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो. त्यातही मागणी सर्वाधिक असते ती नाताळ आणि नववर्षाच्या सुटीत. नेमक्या त्याच दिवसांत दिल्लीपासून ग्वाल्हेरपर्यंतचा पट्टा धुक्यात बुडालेला असतो. ग्वाल्हेरहून थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येणारी पंजाब मेल फिरोजपूरहून, म्हणजे त्या धुक्याच्या पट्ट्यातूनच निघते. वेळेवर धावली तर ती एका अहोरात्रीच्या आत मुंबईला पोहोचते आणि टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. त्यामुळे सकाळी उतरून दुपारी जहाजात बसण्याचा मोह होतो. कागदावर हे गणित सुंदर दिसते. परंतु धुक्याच्या दिवसांत गाडीला सहा-आठ तासांचा उशीर ही नवलाची गोष्ट नाही आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. प्रवेशद्वार सुटण्याच्या वेळेपूर्वी बरेच आधी बंद होते. ते एकदा बंद झाले की सगळे पैसे बुडतात. ग्वाल्हेरच्या विमानतळावर मार्च २०२४ पासून नवे टर्मिनल आहे, तरी धुके विमानालाही सोडत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बंदराच्या शहरात मुक्काम हवाच. हॉटेलच्या एका रात्रीचा खर्च क्रूझच्या खर्चातच धरला पाहिजे.

तिकिटांच्या तारखांचा गुंता त्याहून कमी लक्षात येतो. क्रूझची जागा चार-सहा महिने आधी घेतली तर स्वस्त मिळते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे जहाजाचे पैसे भरले जातात तेव्हा गाडीत जागा मिळेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. क्रूझ कंपन्यांच्या नियमांनुसार निघण्याची तारीख जवळ येईल तशी परताव्याची रक्कम घटत जाते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न ‘सवलत किती’ हा नसावा, ‘साठाव्या दिवशी रद्द केले तर किती परत मिळतील’ हा असावा. गाडीची प्रतीक्षा यादी लांबली तर माघार घेता येईल, एवढी मोकळीक राखूनच हा व्यवहार करावा.

जाहिरातीतला आकडाही नीट वाचावा लागतो. तो बहुधा दोन प्रवाशांनी वापरायच्या खोलीचा, प्रतिव्यक्ती दर असतो. कर, बंदर शुल्क आणि सेवा शुल्क त्यावर वेगळे पडते. एकटा प्रवासी असेल तर जादा आकार भरावा लागतो. जेवण व बहुतेक करमणूक भाड्यात येते. मद्य, स्पा, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली येत नाहीत. सर्वांत स्वस्त खोली जहाजाच्या आतल्या बाजूला असते, तिला खिडकी नसते. दोन रात्रींच्या फेरीत खोलीत केवळ झोपायचे असल्याने तरुण जोडप्याला ती पुरते. ज्यांना दिवसाही खोलीत पडून राहावे लागेल, अशा आजी-आजोबांसाठी मात्र समुद्राकडील खिडकीचे थोडे अधिक पैसे मोजणे शहाणपणाचे. लाटांचा त्रास होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरील आणि जहाजाच्या मध्यभागातील खोली मागावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळीवरील गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. उलटी झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत देशांतर्गत फेरी सोपी आहे, पण ढिलाई चालत नाही. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र लागते, अगदी मुलांचेही. लक्षद्वीपची फेरी असेल तर प्रवेश परवान्याची प्रक्रिया कोण करणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. श्रीलंकेसारख्या परदेशी फेरीला किमान सहा महिने मुदत उरलेले पारपत्र हवे. चोवीस आठवड्यांपुढील गर्भवतींना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. नियमित औषधे हातातल्या पिशवीत असावीत, कारण मोठे सामान खोलीत पोहोचायला काही तास जातात.

विम्याला आपल्याकडे अनावश्यक खर्च समजतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला आलेल्या क्रूझवरील दोन हजारांच्या आसपास लोकांपैकी ६६ जणांना कोविडची लागण झाल्याचे आढळले आणि जहाज मुंबईला परत पाठवण्यात आले. मुरगावचा किनारा समोर दिसत असताना शेकडो कुटुंबांची सुटी तिथेच संपली. अशा वेळी कंपनी काय देणे लागते आणि विमा काय देतो, याचे उत्तर छापील अटींतच असते. त्या वाचण्याची वेळ निघण्यापूर्वीची आहे.

जहाजावर चढल्यानंतर पहिले काम म्हणजे सुरक्षा कवायत. ती कंटाळवाणी वाटते, तरी टाळू नये. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटून ३२ जणांचा मृत्यू झाला, त्यातील अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेण्याचा नियम झाला. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला झालेला अपघात अजून ताजा आहे. मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकणे हे दुसरे काम, खोल समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह सेवेशी जोडला गेला तर महिन्याचे बिल डोळे पांढरे करते. बाकी दोन दिवस काय करावे, हे कोणी शिकवण्याची गरज नाही. फक्त सगळे कार्यक्रम पाहण्याचा हट्ट नको. पहाटे डेकवर जाऊन किनारा दिसेनासा झालेला पाहणे, हा अनुभव मैदानी प्रदेशातल्या माणसाला दुसरीकडे मिळत नाही आणि त्याला वेगळे शुल्कही नाही.

आता प्रश्न गोव्याचा. दोन रात्रींच्या ठरावीक फेरीत गोव्याच्या वाट्याला येतो एक दिवस. सकाळी धक्क्याला लागायचे, संध्याकाळी परतायचे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबाला मंगेशी आणि शांतादुर्गा पाहायची असते, मुलांना समुद्रात उतरायचे असते, शिवाय जुन्या गोव्यातील बॉम जेझूसचे चर्च राहून गेल्याची हळहळ नको असते. एका दिवसात हे जमत नाही. वाहतुकीत अडकून जहाज चुकण्याची भीती सतत मागे लागलेली असते आणि जेवणही जहाजावरचेच व्हायचे असते. अशा पाहुण्याने गोव्यात खर्च केलेली रक्कम टॅक्सीचे भाडे, काजूचे पाकीट आणि देवळातील अभिषेक याच्या फार पुढे जात नाही. त्याला एक सल्ला द्यायचा तर तो असा, की फोंड्याची देवळे किंवा जुने गोवे यांपैकी एकच निवडावे आणि जहाजात परतण्याच्या वेळेपूर्वी दीड-दोन तास वास्कोत असावे.

पण त्याहून चांगला सल्ला फेरीची दिशा बदलण्याचा आहे. निजामुद्दीनहून निघणारी गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबते आणि सुमारे दीड दिवसाने वास्को द गामा स्थानकात संपते. त्या स्थानकापासून मुरगाव बंदर काही किलोमीटरांवर आहे. देशात लांब पल्ल्याची गाडी आणि क्रूझचा धक्का इतके शेजारी असलेली ठिकाणे मोजकीच आहेत. ग्वाल्हेरच्या कुटुंबाने मुंबईला जाताना पंजाब मेल घ्यावी, जहाजाने एकतर्फी गोव्याला यावे, येथे दोन-तीन दिवस राहावे आणि वास्कोहून दुपारी सुटणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने घरी परतावे. या आखणीत समुद्रही भेटतो आणि गोवाही. प्रत्येक फेरीत एकतर्फी तिकीट मिळेलच असे नाही, त्यामुळे ते आधी विचारावे लागते.

हे तिकीट विचारावे लागते, यातच गोव्याच्या धोरणाची उणीव आहे. मुरगावकडे आजही वाटेवरचे बंदर म्हणून पाहिले जाते. फेरी जेथे सुरू होते किंवा संपते, त्या बंदराच्या गावाला प्रवासी आधी किंवा नंतर हॉटेलचे भाडे देतो, बाजारात फिरतो, घरगुती खाणावळीत जेवतो. ‘आंग्रिया’च्या बाबतीत नेमके हेच होते. ते लहान जहाज होते, ऐषारामात मोठ्या क्रूझची बरोबरी करणारे नव्हते, परंतु त्यातून उतरणारा माणूस गोव्यात राहायला येत असे. महासाथीने ती सेवा थांबली. त्याआधी ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी पणजीच्या धक्क्याला लागत. त्यांना कोणी क्रूझ म्हटले नाही, पण चाकरमान्यांसह त्या पर्यटकही आणून सोडत आणि तो पुन्हा जहाजात चढण्यासाठी घड्याळ पाहत नसे.

क्रूझ कंपन्यांशी वाटाघाटी करताना राज्य सरकार आणि बंदर प्रशासन यांनी धक्क्याला किती जहाजे लागतात, यापेक्षा किती प्रवासी येथे सामानासह उतरतात, याची मोजणी लावून धरायला हवी. त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. वास्को स्थानकावर सामान ठेवण्याची पुरेशी सोय, स्थानक ते बंदर अशी ठरावीक भाड्याची बस, आणि मराठी-हिंदीत लावलेला टॅक्सीचा दरफलक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. टॅक्सीचालकांचा विरोध होईल ही भीती नेहमी पुढे केली जाते. पण दिवसभरात एक फेरी देणाऱ्या पाहुण्यापेक्षा तीन दिवस राहणारा पाहुणा त्यांनाही जास्त देऊन जातो. हंगामाचे वेळापत्रक कंपन्या काही महिने आधी ठरवतात. मुरगावातून सुरू होणाऱ्या फेऱ्या त्यात हव्या असतील, तर त्यांची मागणी पावसाळ्यातच, जहाजे पूर्व किनाऱ्याकडे वळलेली असतात तेव्हा, करावी लागेल.