सिनेमातला रॅप चालतो

‘गली बॉय’ हा सिनेमा आला १४ फेब्रुवारी २०१९ ला. त्याच महिन्यात भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही त्यातल्या ‘आझादी’ची चाल आपापल्या प्रचाराच्या व्हिडिओला लावली. घोषणा दिल्लीच्या जेएनयूत गाजलेल्या. डब शर्माने २०१६ मध्ये त्यांचं गाणं केलं, आणि सिनेमात येईतो त्यातला मनुवादाचा उल्लेख गळून गेला. असं धुऊन-पुसून घेतलेलं बंड कोणत्याही पक्षाला चालतं. पुढच्या वर्षी फिल्मफेअरने चित्रपटाला १३ पुरस्कार दिले. ‘अपना टाइम आएगा’साठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना गीतलेखनाचाही.

या संगीताने खरं काय केलं, ते पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. याच अल्बममधल्या ‘इंडिया ९१’ मध्ये अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत रॅप करतो. काही ओळींपुरताच. पण रॅपला इंग्रजी लागत नाही, मुंबईची गल्लीही लागत नाही, एवढं पोरांना कळलं. जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या पोराला स्टुडिओ कुठून मिळणार? त्याची गरजही उरलेली नाही. बीट यूट्यूबवर फुकट मिळते, रेकॉर्डिंग मोबाइलवर होतं. विषय तर दारातच आहेत. कापसाचा भाव, पीकविमा, रखडलेली भरती.

आणि मग एप्रिल २०२३. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने आमदारांनी फुटण्यासाठी घेतल्याचा आरोप झालेल्या खोक्यांवर रॅप केला. गाण्यात एकाही नेत्याचं नाव नव्हतं. तरी शिवसेनेच्या शिंदे गटाच्या युवासेनेकडून तक्रार गेली आणि अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. कुणी नाव न घेताही ज्यांना आपलंच नाव ऐकू येतं, त्यांच्याबद्दल वेगळं काय बोलावं? त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडेवर ‘जनता भोंगळी केली’ या रॅपसाठी गुन्हा नोंदला गेला. ‘गली बॉय’तल्या रणवीर सिंगच्या तोंडचा राग मात्र अशा कुणालाच खुपला नव्हता. पडद्यावरचा राग तिकिटाच्या पैशांत संपतो, म्हणून असेल.

कुंभार पिंपळगाव ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. ‘अस्मानी सुलतानी’त त्यांनी आपल्या काळातल्या रयतेची दैना लिहून ठेवली, सुलतानांची भीड न धरता. ते आता संतवाङ्मय आहे. त्यावर व्याख्यानं होतात, आणि व्याख्यानाला पुढारी पहिल्या रांगेत असतात.

उद्या याच तालुक्यातलं एखादं पोर पीकविम्यावर रॅप करील. तक्रार घेऊन कुणी ठाण्यात आलंच, तर पोलिसांनी कलमं शोधण्याआधी ते गाणं शेवटपर्यंत ऐकावं. आणि तक्रारदाराला एवढंच विचारावं, की यात खोटं काय आहे?