चाचणी विषाणूची, कसोटी संसदेची

२३ मार्च २०२० हा दिवस संसदीय लोकशाहीच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. त्या दिवशी लंडनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सने साथनियंत्रणासाठी सरकारला असाधारण अधिकार देणारे विधेयक मंजूर केले. मात्र ते देताना या अधिकारांना दोन वर्षांची मुदत घातली आणि दर सहा महिन्यांनी सभागृहापुढे येऊन ते चालू ठेवण्याची संमती घेण्याचे बंधनही सरकारवर टाकले. त्याच दिवशी नवी दिल्लीत लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना संमत केले आणि संसदेची दोन्ही सभागृहे बेमुदत तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. तिचा अंमल अवघ्या चार तासांनी सुरू झाला. त्यानंतर संसद भेटली ती १४ सप्टेंबरला, तीही प्रश्नोत्तराचा तास वगळून.

ब्रिटनने साथ उत्तम हाताळली, असे यावरून कोणी म्हणणार नाही. १२ मार्च २०२० रोजी त्या देशाने सर्वसामान्य वस्त्यांतील चाचण्या थांबवल्या आणि त्याची जबर किंमत मोजली. पण ती चूक चूक होती हे तेथील संसदेच्याच समित्यांनी ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले. चाचणी आणि संपर्कशोधाच्या यंत्रणेसाठी दोन वर्षांत ३७ अब्ज पौंडांची तरतूद करून नेमके काय साधले, हा प्रश्न त्यांच्या लोकलेखा समितीने साथ चालू असतानाच, मार्च २०२१ मध्ये, विचारला. न्यूझीलंडमध्ये संसदेचे कामकाज स्थगित होताच सरकारी निर्णयांची छाननी करणारी विशेष समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षनेत्याकडे देण्यात आले. साथीच्या काळात सरकारे चुकणारच. ती चूक किती लवकर उघड होते आणि किती लवकर सुधारते, हे मात्र राज्यव्यवस्थेच्या घडणीवर अवलंबून असते.

कोणाची चाचणी करावी, तिचा खर्च कोणी सोसावा, बाधिताला कोठे व किती दिवस ठेवावे, त्याची माहिती कोणाला द्यावी, हे प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे कायदा आणि प्रशासन देत असते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण सर्वपरिचित आहे, पण त्यातला बोध क्वचितच सांगितला जातो. २०१५ साली मर्सच्या साथीत तेथे १८६ रुग्ण आढळले आणि ३८ जण दगावले. सरकारने रुग्णालयांची नावे दडवल्याने जनक्षोभ उसळला. त्यानंतर कायदा बदलण्यात आला. आणीबाणीत चाचणीसंचांना तातडीने मान्यता देण्याची वाट मोकळी झाली, नागरिकांना माहिती देण्याचे बंधन सरकारवर आले आणि विलगीकरणात राहावे लागणाऱ्यांना निर्वाहासाठी साहाय्य देण्याची तरतूदही झाली. म्हणूनच जानेवारी २०२० च्या अखेरीस कोरियन अधिकारी खासगी उत्पादकांसमवेत बसले आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात पहिल्या संचाला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याच सुमारास केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने पाठवलेले संच सदोष निघाले आणि इतर प्रयोगशाळांना स्वतःच्या चाचण्या वापरण्याची मोकळीक २९ फेब्रुवारीपर्यंत मिळाली नाही. शास्त्रज्ञांची वाण अमेरिकेत नव्हती. फरक होता तो आधी केलेल्या कायदेशीर तयारीचा.

कोरियाच्या मार्गातही काटे होते. मोबाइल, क्रेडिट कार्ड आणि कॅमेऱ्यांच्या आधारे बाधितांचा प्रवास इतक्या तपशिलाने प्रसिद्ध झाला, की अनेकांची ओळख पटून बदनामी होऊ लागली. मार्च २०२० मध्येच तेथील मानवाधिकार आयोगाला आक्षेप घ्यावा लागला. मे महिन्यात सेऊलच्या नाइटक्लबांतून संसर्ग पसरला, तेव्हा लोक पुढे यावेत म्हणून महानगर प्रशासनाला नाव न विचारता चाचणी करण्याची सोय करावी लागली. माहिती उघड होण्याचे भय वाटले, तर माणूस चाचणी केंद्राकडे फिरकतच नाही. गोपनीयता ही त्यामुळे साथनियंत्रणाची गरज ठरते.

केवळ चाचण्यांची संख्या वाढवून भागत नाही, याचा पुरावा स्लोव्हाकियाने दिला. २०२० च्या ३१ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर या दोन दिवसांत त्या छोट्या देशाने सुमारे ३६ लाख लोकांची चाचणी केली आणि सुमारे ३८ हजार बाधित शोधले. तरीही काही महिन्यांतच, २०२१ च्या प्रारंभी, लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक मृत्यू नोंदवणाऱ्या देशांत त्याची गणना झाली. चीनने दुसरे टोक गाठले. २०२२ मध्ये शांघायसारखे महानगर दोन महिने बंद राहिले, नागरिक दररोज चाचणीच्या रांगेत उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये उरुम्चीतील आगीत दहा जणांचा बळी गेल्यावर असंतोषाचा भडका उडाला आणि ७ डिसेंबरला निर्बंध एकाएकी सैल झाले. बाहेर पडण्याचा मार्ग आधी आखलेला नसेल, तर कठोरातला कठोर बंदोबस्तही अखेर अव्यवस्थेतच संपतो.

आता आपल्याकडे पाहू. जानेवारी २०२० मध्ये देशात या विषाणूची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत होत होती. जूनच्या अखेरीस चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांची संख्या एक हजारावर गेली होती. ही कामगिरी लहान नव्हे, आणि तिचे श्रेय संशोधकांना व प्रशासनाला दिलेच पाहिजे. परंतु पहिले मोलाचे आठवडे संकुचित निकषांत गेले. परदेश प्रवास किंवा बाधिताशी संपर्क नसेल, तर श्वसनाच्या गंभीर विकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचीही चाचणी २० मार्चपर्यंत सर्वसाधारणपणे नियमात बसत नव्हती. खासगी चाचणीची कमाल किंमत ४५०० रुपये ठरली. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ती विनामूल्य करण्याचा आदेश दिला आणि १३ एप्रिलला ही सवलत दुर्बल घटकांपुरती मर्यादित केली. राजधानीत तर जूनमध्ये साथ वाढत असताना दैनंदिन चाचण्या सात हजारांवरून पाच हजारांवर का आल्या, असे न्यायालयालाच दिल्ली सरकारला विचारावे लागले. पुढच्या महिन्यात दिल्लीतील रक्तनमुन्यांच्या पाहणीत सुमारे २३ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. दोन कोटींच्या या महानगरात तोवर नोंद झालेले रुग्ण सव्वा लाखाच्या आसपास होते. चाचणीच्या जाळ्यातून किती मोठा समुदाय निसटला होता, हे या दोन आकड्यांवरून समजते.

निकष कोणी ठरवावेत, दर कोणी नेमावेत, चाचण्या घटल्यास जाब कोणी द्यावा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात नव्हते. साथरोग कायदा १८९७ सालचा. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना कलकत्त्याच्या विधिमंडळाने तो आठवडाभरात संमत केला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो अंमलात आला. मूळ कलमे चार. सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने कृती करणाऱ्याला संरक्षण, एवढाच त्याचा आशय. नागरिकाचे हक्क आणि सरकारची कर्तव्ये यांविषयी त्यात अक्षरही नाही. अशा अनिर्बंध अधिकारांचे फळ काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. घराघरांत शिरून झालेली झडती, सक्तीचे स्थलांतर आणि त्यातून २२ जून १८९७ रोजी पुण्यात झालेला रँडचा वध हा आपल्या शालेय इतिहासाचा भाग आहे. सक्तीपुढे लोकांनी रुग्ण लपवले, ही त्या इतिहासाची कमी परिचित बाजू आहे. साथ आटोक्यात आणण्यासाठी केलेली जबरदस्तीच साथ पसरण्यास हातभार लावत होती.

सव्वाशे वर्षांनी या कायद्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. प्रामुख्याने पूर, भूकंप, चक्रीवादळे डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या या कायद्याच्या आधारे गृह मंत्रालयाने संपूर्ण देशाचे दैनंदिन जीवन आदेशांनी चालवले. वास्तविक सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे, तर एका राज्यातून दुसऱ्यात रोगप्रसार रोखणे हा समवर्ती सूचीतील. या दोहोंमधील कार्यविभागणी स्पष्ट करणारा कायदा नसल्याने राज्ये निधीसाठी आणि निकषांसाठी दिल्लीकडे पाहत राहिली आणि दिल्ली अपयशासाठी राज्यांकडे बोट दाखवत राहिली.

याची सर्वाधिक झळ बसली ती स्थलांतरितांना. २९ मार्च २०२० च्या आदेशाने टाळेबंदीच्या काळातील पूर्ण वेतन देण्याचे बंधन मालकांवर घातले, पण १८ मे पासून तो आदेशच गळून पडला. हाती पैसा नाही, शिधापत्रिका गावाकडची आणि घरमालक दाराशी, अशा अवस्थेत माणूस महामार्गावर पायी निघाला तर त्याला नियमभंग म्हणावे की नाइलाज? याउलट धारावीत महापालिकेने तापाची शिबिरे भरवली, घरोघर तपासणी केली आणि दहा बाय दहाच्या खोलीत विलगीकरण अशक्य आहे हे ओळखून शाळा व क्रीडासंकुलांत निवासाची, जेवणाची सोय केली. विषाणू तेथून नाहीसा झाला नाही, पण सोय असल्यावर गोरगरीब माणूसही चाचणीला सामोरा जातो, हे दिसले. भाकरीची हमी हा विलगीकरणाचा पहिला नियम असावा.

आणि हिशेब? सप्टेंबर २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंविषयी विचारले असता कामगार मंत्रालयाने अशी माहितीच उपलब्ध नसल्याचे लोकसभेत सांगितले. जुलै २०२१ मध्ये प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंची राज्यांनी स्वतंत्र नोंद कळवलेली नाही, असे उत्तर राज्यसभेत आले. मे २०२५ मध्ये नागरी नोंदणीचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले असताना २०२१ मध्ये ती संख्या १ कोटी २ लाखांवर गेल्याचे दिसले. या वाढीतील प्रत्येक मृत्यू साथीचाच, असे म्हणता येणार नाही. नोंदणीही वाढली असेल. पण साथीच्या ऐन भरात जे कळायला हवे होते ते चार वर्षांनी कळले, तर पुढची लाट रोखण्यासाठी त्याचा उपयोग शून्य.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. संकटकाळी झटपट निर्णय हवेत. सविस्तर कायदा अधिकाऱ्यांचे हात बांधील, न्यायालयीन खटल्यांना निमंत्रण देईल आणि आखूड व लवचीक कायदाच बरा, असे प्रशासनातील अनेक अनुभवी मंडळी मानतात. हा युक्तिवाद अनुभवाच्या कसाला उतरत नाही. कोरियाला वेग मिळाला तो कायद्यामुळे. आपल्याकडे कायद्याच्या अभावी आदेशांवर आदेश निघाले, सुधारणांच्या सुधारणा झाल्या आणि चाचणीचा दर ठरवण्यासारखी बाबही अखेर न्यायालयाच्या दारात गेली. या पानाच्या वाचकांपैकी कित्येकांनी त्या दिवसांत अशा फायलींवर रात्री-अपरात्री सह्या केल्या असतील. सद्हेतूच्या संरक्षणापेक्षा स्पष्ट अधिकार आणि स्पष्ट मर्यादा त्यांनाही अधिक सुरक्षित ठेवतील.

शिफारशींचा तुटवडा नाही. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्येच अपुऱ्या चाचण्या व तोकड्या संपर्कशोधावर बोट ठेवले आणि सर्वसमावेशक कायद्याची गरज मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधि आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ च्या कायद्यातील उणिवा दाखवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य आणीबाणी कायदा सुचवला आणि साथीचे पहिले शंभर दिवस निर्णायक मानून तयारीचा आराखडा मांडला. त्याआधी २०१७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने तयार केलेला विधेयकाचा मसुदा मात्र संसदेपर्यंत पोहोचलाच नाही. २०२० मध्ये जुन्या कायद्यात भर पडली ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्याची. ती आवश्यकच होती, पण रुग्णाच्या बाजूने त्यात काही आले नाही.

दरम्यान जग पुढे सरकले आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. मात्र विषाणूंचे नमुने आणि त्यांपासून होणारे लाभ यांच्या वाटपाची कळीची जोडणी पुढील वाटाघाटींवर सोडली. अमेरिकेने त्याच वर्षी जानेवारीत संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला होता. संकटकाळी परदेशातून संच, लस आणि माहिती वेळेवर येईलच, या भरवशावर राहण्याचे दिवस सरले आहेत.

नव्या कायद्यात किमान पाच गोष्टी हव्यात. चाचणीचे निकष ठरवणारे स्वायत्त तज्ज्ञमंडळ आणि त्याच्या कारणमीमांसेची प्रसिद्धी. आणीबाणीत चाचणी विनामूल्य आणि विलगीकरणातील कुटुंबाला निर्वाहभत्ता. गोळा केलेल्या माहितीचा एकाच कारणासाठी वापर आणि ठरावीक मुदतीत तिचा नाश. केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्या जबाबदाऱ्यांची व निधीची लेखी वाटणी. आणि शेवटी, आणीबाणी जाहीर झाल्यापासून ठरावीक दिवसांत संसद बोलावण्याचे, प्रश्नोत्तराचा तास चालू ठेवण्याचे आणि दर तीन महिन्यांनी अधिकारांना नव्याने मंजुरी घेण्याचे बंधन.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. साथ ओसरली की समित्या नेमायच्या, त्यांचे अहवाल पटलावर ठेवायचे आणि पुढची साथ आली की पुन्हा १८९७ चे कलम दोन शोधायचे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूच्या वेळी नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगांनी आणि मोजक्या सरकारी प्रयोगशाळांवर पडलेल्या भाराने पहिला इशारा दिला होता. पुढची अकरा वर्षे तो ऐकला गेला नाही. असे विधेयक शांतपणे, सर्वपक्षीय चर्चेने संमत करायला साथ नसलेला काळच योग्य, कारण तेव्हा ना भीती असते ना घाई. असा काळ आज हाती आहे. एका अधिवेशनातील चार-पाच दिवस सरकारने आणि विरोधकांनी या कामासाठी काढावेत, एवढीच अपेक्षा आहे.