पॅरिसचे चार दिवस : हॉटेल, हिशेब आणि गुडघे

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांत सुट्टी म्हणजे भारत, हे समीकरण वर्षानुवर्षे ठरलेले आहे. आई-वडील, सासू-सासरे, लग्नकार्ये, बँकेची आणि घराची कामे यांत तीन आठवडे कसे निघून जातात ते कळत नाही, आणि परत येताना आपण गेलो होतो त्याहून अधिक दमलेले असतो. मुले कॉलेजला गेली किंवा मार्गी लागली की मग पुष्कळ जोडपी भारतात जाता-येता युरोपात चार दिवस उतरण्याचा बेत करतात. दोघांनीच केलेली ही अनेकांची पहिलीच सहल असते. शहर बहुधा पॅरिस, कारण अमेरिकेतून मुंबईला जाताना तेथे विमान बदलता येते आणि शिवाय "पॅरिस पाहिले नाही" ही रुखरुख मनात असतेच.

विमानाच्या तिकिटाचा आपण महिनाभर अभ्यास करतो. हॉटेल मात्र एखाद्या संध्याकाळी, भाड्याच्या चढत्या क्रमाने यादी लावून, पहिल्या पाचांतून उचलतो. याविषयी माझे मत अगदी स्पष्ट आहे. पहिल्या भेटीत हॉटेल शहराच्या आत, मध्यभागाजवळ घ्यावे. खोली लहान असली तरी चालेल, पण लिफ्ट असावी. आणि त्यासाठी रात्रीला साठ-ऐंशी युरो जास्त पडले तर ते द्यावेत. ही उधळपट्टी नव्हे असे मी मानतो, आणि त्याची कारणे आरोग्याचीही आहेत व पैशाचीही.

आधी पैशाचे पाहू. समजा, उपनगरातील हॉटेल रात्रीला ११० युरो आणि शहरातील तशाच दर्जाचे १९० युरो आहे. चार रात्रींचा फरक ३२० युरो झाला. दूरच्या हॉटेलातून रोज शहरात यायला गाडीभाडे लागते. २०२५ च्या जानेवारीत पॅरिसने मेट्रो आणि उपनगरी गाड्यांचे साधे तिकीट सगळ्या विभागासाठी एकच, अडीच युरोचे केले. म्हणजे दोघांचे जाऊन येऊन दिवसाला दहा युरो. त्यात एखाद्या रात्री उशीर झाला म्हणून केलेली टॅक्सी धरली, तरी ३२० युरोंतले शंभरच्या आसपास परत येतात. बाकीचे दोनशे-सव्वादोनशे युरो खरोखरच जास्त जातात. "मध्यवस्तीतले हॉटेल शेवटी स्वस्तच पडते" असे सांगणारे उत्साही लोक भेटतात. त्यांचे गणित मला कधी जुळलेले नाही. प्रश्न आहे तो या दोनशे युरोंत आपण काय विकत घेतो हा.

आपण विकत घेतो दुपारची विश्रांती. पंचावन्न-साठीच्या जोडप्याने सकाळी नऊला बाहेर पडून रात्री नऊला परत यायचे, तेही विमानप्रवासाच्या अर्धवट झोपेवर, हे शरीराला झेपत नाही. लूव्र संग्रहालयात तीन तास उभे राहून आल्यावर पाय वर करून तासभर पडण्याची जागा हवी असते. हॉटेल पंधरा मिनिटांवर असेल तर आपण जातो, चहा करून पितो, गोळी घेतो, साडी किंवा बूट बदलतो आणि सहा वाजता ताजेतवाने होऊन पुन्हा निघतो. हॉटेल पाऊण तासावर असेल तर एक तर जात नाही, किंवा गेलो की परत बाहेर पडत नाही.

आमच्या ओळखीचे एक दांपत्य असेच विमानतळाच्या बाजूला उतरले होते. हॉटेल स्वच्छ होते, खोली मोठी होती, न्याहारी फुकट होती. बाईंचा गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला. पुढचे दोन दिवस त्यांनी खिडकीतून वाहनतळ पाहिला आणि यजमान एकटेच शहर पाहून आले. त्यांनी वाचवलेला पैसा मी विचारला नाही, पण पंचवीस वर्षांनी मिळालेले चार दिवस निम्मे झाले होते. गंमत म्हणजे "मला काय, कुठेही चालेल" हे वाक्य त्या बाईंचेच होते. आपल्याकडच्या बायका हे वाक्य फार लवकर बोलतात आणि नवरे ते फार लवकर खरे मानतात. हॉटेल ठरवताना दोघांनी एकत्र बसावे आणि ज्याला चालायला अधिक त्रास होतो त्याच्या सोयीने ठरवावे.

आता शहराची रचना. पॅरिस वीस प्रभागांत विभागलेले आहे. त्यांचे क्रमांक मध्यापासून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे उजवीकडे वळत बाहेर जातात. ही विभागणी १८६० पासूनची आहे. पत्त्यातील पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे प्रभाग : ७५००५ म्हणजे पाचवा, ७५०१८ म्हणजे अठरावा. पिनकोड ७५ ने सुरू होत नसेल तर ते हॉटेल पॅरिस शहरात नाही, जाहिरातीत नाव काही असो. एवढी एक गोष्ट पाहिली तरी निम्मी फसगत टळते.

पहिल्या भेटीसाठी माझी पसंती पाचव्या प्रभागाला, किंवा चौथ्यातील मारे भागाला. पाचव्यात सोरबॉन विद्यापीठ, वनस्पती उद्यान आणि मुफ्तार रस्त्यावरचा बाजार आहे. नोत्र दाम पायी अंतरावर आहे. एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ते चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. पाचव्या प्रभागाला पाँतेओंच्या बाजूला चढ आहे, तेव्हा नदीकडचा सपाट भाग पाहावा. मारेमध्ये रोझिये रस्त्यावर फलाफेलची ज्यू दुकाने आहेत. शाकाहारी माणसाचे पोट तेथे उत्तम भरते, मात्र शनिवारी त्यांतली बरीच बंद असतात. आयफेल मनोरा सातव्यात आहे. "खिडकीतून मनोरा दिसतो" यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. तो मनोरा शहराच्या अर्ध्या भागातून फुकट दिसतो. माँमार्त्र अठराव्यात. चित्रात फार सुंदर, पण टेकडी आहे आणि पायऱ्या आहेत. एका संध्याकाळी जाऊन यावे, मुक्काम करू नये.

गार द्यू नोर हे स्टेशन दहाव्या प्रभागात आहे. त्याच्या मागे ला शापेलच्या बाजूला श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आहे. इडली-डोसा, कढीपत्ता, सगळे मिळते आणि हॉटेलेही स्वस्त आहेत. अठराव्यात पाजोल रस्त्यावर विनायकाचे देऊळ आहे, आणि तेथल्या गणेशोत्सवात रथाची मिरवणूक निघते. जेवणासाठी आणि दर्शनासाठी तेथे अवश्य जावे. मुक्कामासाठी मात्र स्टेशनचा परिसर मी पहिल्या भेटीला सुचवणार नाही. गर्दी फार, आणि सामान घेऊन गोंधळलेले प्रवासी खिसेकापूंना लांबूनच ओळखू येतात.

ताऱ्यांविषयी एक गैरसमज आहे. फ्रान्समध्ये हॉटेलांना सरकारमान्य एक ते पाच तारे मिळतात आणि ते पाच वर्षांसाठी असतात. ते खोलीचे क्षेत्रफळ, सोयी, सेवा यांवर दिले जातात. रस्ता शांत आहे का, मालक माणुसकीने वागतो का, हे ताऱ्यांत येत नाही. माझ्या मते तीन तारे पुरेत. खोली बाराएक चौरस मीटरची, म्हणजे आपल्या घरातल्या कपड्यांच्या कपाटाएवढीच वाटेल. त्याची मनाची तयारी ठेवावी.

आणि म्हणूनच सामानाचा विचार आधी करावा. भारतात जाताना आपल्या प्रत्येकी दोन बॅगा असतात, बदाम, चॉकलेटे आणि भाच्यांच्या बुटांनी फुगलेल्या. चार दिवस थांबायचे म्हटले की त्या बहुधा पॅरिसलाच हातात येतात. चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत आणि त्या खोलीत तर नाहीतच. विमानतळावर पैसे भरून सामान ठेवण्याची सोय आहे. मोठ्या बॅगा तेथे टाकून दोन लहान बॅगांनिशी शहरात जावे. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात जायला अधिकृत टॅक्सीचे भाडे ठरलेले असते. २०२५ मध्ये ते नदीच्या उजव्या तीरावर ५६ आणि डाव्या तीरावर ६५ युरो होते, आणि हा दर गाडीचा आहे, माणशी नाही. दोघांच्या गाडीभाड्याशी तुलना करता पहिल्या दिवशी टॅक्सी परवडते. दारात "टॅक्सी, टॅक्सी" करत येणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये; रांगेतूनच घ्यावी.

लिफ्टचे पुन्हा सांगतो, कारण येथेच लोक फसतात. पॅरिसमधील इमारती जुन्या. काही ठिकाणी लिफ्ट अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते, काही ठिकाणी शेवटच्या मजल्यापर्यंत जात नाही. तेथला "पहिला मजला" हा पुण्या-मुंबईसारखा तळमजल्याच्या वरचा असतो, अमेरिकेसारखा रस्त्याच्या पातळीवरचा नव्हे. तेव्हा बुकिंगच्या आधी हॉटेलला थेट पत्र लिहून चार गोष्टी विचाराव्यात. लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? न्हाणीघरात उंच टब आहे की सपाट शॉवर? टबाच्या काठावरून पाय टाकताना पडलेली माणसे मला माहीत आहेत. पलंग किती रुंद आहे? फ्रेंच डबल बेड पुष्कळदा १४० सेंटिमीटरचाच असतो, आणि किंग साइजची सवय झालेल्या दोघांना त्यावर झोप लागणे कठीण. दोन वेगळे पलंग मागण्यात संकोच कसला? खोली रस्त्याच्या बाजूला आहे की आतल्या चौकाच्या? चौकाची शांत असते. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर वातानुकूलन आहे का हेही विचारावे. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश सेल्सिअस तापमान झाले होते, आणि जुन्या इमारतीतील वरच्या मजल्याची खोली अशा दिवसांत भट्टी होते. ज्या हॉटेलचे उत्तर दोन दिवसांत नीट येते ते हॉटेल बहुधा बरे असते.

शहरात फिरायला मेट्रो जलद आहे, पण तिच्यात जिने फार. नवी १४ क्रमांकाची लाइन सोडली तर जुन्या मार्गांवर लिफ्ट क्वचितच मिळते, आणि शातले स्टेशनात गाडी बदलणे म्हणजे एक छोटी पदयात्राच. गुडघे दुखणाऱ्यांनी बस धरावी. वेळ जास्त लागतो, पण शहर दिसते. हॉटेल निवडताना जवळ बसचा थांबा आहे का ते नकाशावर बघून ठेवावे.

आता किरकोळ वाटणारे पण बिलात येणारे खर्च. खोलीच्या भाड्याशिवाय पर्यटक-कर असतो, दर माणशी दर रात्री. २०२४ च्या जानेवारीत तो जवळजवळ तिप्पट झाला आणि तीन ताऱ्यांच्या हॉटेलात पाच युरोंच्या वर गेला. दोघांचे चार रात्रींचे चाळीसहून अधिक युरो झाले. हॉटेलची न्याहारी बहुधा वेगळी असते. ती न घेता कोपऱ्यावरच्या बेकरीत जावे, पैसेही वाचतात आणि क्रोसाँही ताजा मिळतो. अंड्याचे वावडे असेल त्यांनी विचारून घ्यावे. कार्ड देताना यंत्र "डॉलर की युरो" विचारते, तेव्हा युरोच म्हणावे, डॉलरचा दर दुकानदाराच्या बँकेच्या सोयीचा असतो. फॅशनच्या आठवड्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, भाडी चढतात. नाताळच्या दिवसांतही तसेच. आपले भारतातले जाणे डिसेंबरात असेल तर पॅरिसचा मुक्काम जाताना न ठेवता जानेवारीत परतताना ठेवावा. थंडी असते, पण भाडे उतरते आणि रांगाही लहान होतात.

रद्द करता येणारे बुकिंग थोडे महाग असते, तरी तेच घ्यावे. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना ग्रीनकार्ड असले तरी शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. व्हिसा मिळण्याआधी पैसे अडकवू नयेत. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना विमा दाखवावा लागत नाही, म्हणून ते घेत नाहीत. पासष्टीच्या पुढच्यांनी ध्यानात घ्यावे की मेडिकेअर सर्वसाधारणपणे अमेरिकेबाहेरचा खर्च देत नाही. काही पूरक पॉलिसी थोडा देतात, आपली देते का ते निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. औषधे हातातल्या बॅगेत असावीत, मूळ डब्यांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हॉटेलच्या पत्रात खोलीत फ्रिज आहे का हा पाचवा प्रश्न घालावा. तेथे औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. तातडीच्या वेळी ११२ किंवा वैद्यकीय मदतीसाठी १५ हे क्रमांक फिरवावेत, आणि हॉटेलचे कार्ड दोघांच्याही खिशात असावे, एकाच्याच नव्हे.