स्प्रिंगला कोड लागत नाही

आपल्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीला एक वाईट खोड आहे. तारेवर, दोरीवर नाहीतर स्प्रिंगवर नीट चाललेली वस्तू दिसली की आपले हात शिवशिवतात. "ह्याच्यात एक मायक्रोकंट्रोलर टाकू या का?" सध्याचा बळी म्हणजे घरी बनवलेल्या छोट्या मोटरसायकलचा थ्रॉटल. जुनं शंभर सीसीचं इंजिन, वेल्डिंग करून घेतलेली चौकट, आणि रेसच्या केबलच्या जागी आर्डुइनो नि एक सर्व्हो मोटर. व्हिडिओ झकास दिसतो. माझ्या मते हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि तो करणारे बहुतेक जण हुशार असतात हे जास्त त्रासदायक आहे.

आधी बिचारी केबल काय करते ते बघू. मूठ पिळली की केबल ओढली जाते आणि कार्बोरेटरमधली स्लाइड स्प्रिंगच्या विरोधात वर जाते. मूठ सोडली की स्प्रिंग तिला खाली ढकलते. केबल तुटली? तरी खाली. बॅटरी उतरली? तरी खाली. केबल गंजून अडकू शकते, मान्य. पण बहुतेक वेळा मूठ आधीच जड लागायला लागते, म्हणजे गाडी सांगून आजारी पडते.

आता सर्व्होकडे या. तिच्यात बारके गिअर्स असतात. करंट गेला तरी त्यांचं घर्षण राहतंच, आणि कार्बोरेटरच्या स्प्रिंगला ते उलटं फिरवता येईलच असं नाही. म्हणजे अर्ध्या रेसवर वायर निघाली तर गाडी अर्ध्या रेसवरच पळणार, आणि मूठ सोडून काडीचा उपयोग नाही.

मुठीतल्या हॉल सेन्सरची गंमत तर वेगळीच. वायरी तीन : पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. मूठ बंद असताना सिग्नल ०.८ व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळली की चारच्या वर. ह्यातली ग्राउंडची वायर तुटली तर सिग्नल पाच व्होल्टकडे चढू शकतो. कोडला वाटतं, मालकांनी फुल रेस दिली! आणि घरगुती गाडीत वायर तुटायला काय लागतं हो? एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर आणि एक कच्चा सोल्डर.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं : "कंपन्या पण हेच करतात की!" करतात ना. यामाहाने २००६ च्या आर६ मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला, केटीएमच्या ३९० ड्यूकमध्ये तो २०१७ साली आला. पण कंपन्या एका सेन्सरवर विसंबत नाहीत. दोन असतात, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघतात, आणि जुळलं नाही तर मोटरचा करंट तोडून झडप स्प्रिंगच्या हवाली करतात. आणि हो, त्या आर६ मध्ये मुठीपासून सेन्सरपर्यंत केबलच होती!

एवढं करूनही वाद सुटत नाहीत. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात ह्या तक्रारींवर नासाने २०११ मध्ये अहवाल दिला की इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. तरी २०१३ साली ओक्लाहोमातल्या ज्यूरीने एका जीवघेण्या अपघातासाठी टोयोटाला जबाबदार धरलं. त्या खटल्यात फिर्यादीच्या तज्ज्ञांनी थ्रॉटलच्या कोडमधल्या उणिवा मांडल्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीचा कोड असा कोर्टात उलगडला जातो, आणि आपण रविवारी दुपारी चाळीस ओळी लिहून त्यावर बसणार?

बरं, मिळतं काय? ट्रॅक्शन कंट्रोल, क्रूझ, रायडिंग मोड ही इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची खरी कामं. शंभर सीसीच्या, कार्बोरेटरवाल्या, आठेक हॉर्सपॉवरच्या गाडीला ह्यातलं नक्की काय हवंय? प्रामाणिक उत्तर एकच : मजा. मजेला माझा विरोध नाही, पण मग तिची किंमतही मोजा.

खेळण्यातली सर्व्हो नको. भंगारातून कारची थ्रॉटल बॉडी घ्या : तिच्यात स्प्रिंग आणि दोन सेन्सर आधीच असतात, आणि करंट गेला की झडप स्वतःहून जवळजवळ मिटते. मुठीलाही दोन सेन्सर द्या, वेगळ्या उताराचे, वेगळ्या ग्राउंडचे. वॉचडॉग चालू ठेवा. आणि किल स्विच थेट इग्निशनला जोडा, कोडमधून नाही. जी गोष्ट कोड वेडा झाल्यावर लागणार, ती त्याच कोडला विचारून कशी चालेल?

मग गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी, एकाचा हात किल स्विचवर. इंजिन चालू करा, थोडी रेस द्या आणि थ्रॉटलची एकेक वायर उपटत जा, ग्राउंडसकट. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज खाली आला पाहिजे. एकदाही वर गेला, तर गॅरेजवाल्याकडून नवी केबल आणा आणि ती लावा.