विश्वाचा सूर, औंढ्याची बोली

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या काटकोनी भुजांचे हे यंत्र गुरुत्वीय लहरी टिपणार. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की अवकाशच थरथरते. अमेरिकेतील अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला कंप पकडला. त्याची कंपने कानाला ऐकू येण्याजोग्या पट्टीत होती. म्हणून तो ध्वनिक्षेपकावर ऐकवता आला. क्षणभराचा, चढत जाणारा एक सूर!

हा सूर औंढ्याच्या बाजारात कोणत्या भाषेत पोचणार? याच जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे गाव मानले जाते. ना छापखाना, ना आकाशवाणी. तरी त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात गेली. कारण उत्तरेत त्यांनी तिथल्या लोकांच्या बोलीत पदे रचली.

यंत्र आले आणि मराठी शब्द आला नाही, तर शेजारच्या गावांना कुंपण तेवढे दिसेल. नुसत्या मराठी फलकांनी भागणार नाही. शाळेतल्या पोराला अवकाशाची थरथर त्याच्या बोलीत समजावणारा माणूस हवा. विश्वाची कुजबुज ऐकू पाहणाऱ्यांनी आधी शेजाऱ्याशी बोलावे.